गिरणीवरची घरशाळा

"अहो फरांदे, तिथंच थांबा! आधी बाहेर जाऊन अंग झटका!"

मी ओरडेपर्यंत माणूस आत आलासुद्धा. भुवया पांढऱ्या, कान पांढरे, टोपीचं तर विचारूच नका. माझ्यासमोर खळ लावलेले ओले पुठ्ठे पसरलेले, आणि हा पिठाचा ढग घेऊन दारात उभा. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड दिसत होतं.

"चुकलं, नलूताई," म्हणत ते बाहेर गेले, ओट्यावर उभं राहून कपडे झटकले आणि परत आले ते जवळजवळ तितकेच पांढरे.

तेव्हा वाईत मला लोक जरा टरकूनच असायचे. वडिलांच्या मागे बाइंडिंगचं दुकान मी एकटीनं चालवत होते, आणि एकट्या बाईला जीभ तिखट ठेवावीच लागते. त्यातून मला माझ्या कामाचा माज होता. होताच, खोटं कशाला बोलू? माझ्या कटिंग मशीनखालून निघालेल्या पुस्तकाची कड अशी गुळगुळीत यायची की तिच्यावरून गाल फिरवावा. गिऱ्हाईक पुस्तक उघडण्याआधी कडेवरून बोट फिरवायचं, आणि मी दुसरीकडे बघत असल्यासारखं करून तेच बघत बसायचे.

फरांद्यांनी टॉवेल सोडला. आत एकच पुस्तक होतं, पण केवढं! चौथीची सगळी पुस्तकं, मराठी, गणित, भूगोल, विज्ञान, एकत्र शिवून वर जाड पुठ्ठा चढवलेला.

"हे काय, पुस्तक आहे की पाटा?" मी म्हटलं. "कुणी केला हा पराक्रम?"

"मीच सांगून करून घेतला. म्हटलं, विषय बदलला की दर वेळी वेगळं पुस्तक द्यायला नको. एकातच सगळं. पण हे उघडंच राहत नाही हो. दोन्हीकडून धरून बसावं लागतं."

"मग धरू दे की पोरीला."

त्यांनी टॉवेलाची घडी केली. मग खाली बघत म्हणाले, "वैजूला धरता येत नाही, ताई."

त्यांची मुलगी आजारी होती एवढं मला ऐकून माहीत होतं. पुढचं त्या दिवशी कळलं. मोठा ताप आला, त्यातून पोर वाचली, पण हात-पाय गेले. उजवा हात नुसता मांडीवर पडून असतो. डावा सरकतो, पण बोटांना चिमूट धरवत नाही. शाळेचा जिना चढणं शक्य नाही, म्हणून फरांद्यांनी घरीच शाळा काढली होती. गिरणीच्या वरच्या राहत्या खोलीत. वैजूची आई पहाटेच्या एस्टीनं पाचगणीला जायची, तिथल्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला. ती गेली की फरांदे पितळी ताटलीवर चमचा वाजवायचे आणि घरशाळा भरायची.

"हजेरी घेतो," ते सांगताना फुलले. "शाळेत मला सर म्हणायचं, बाबा नाही, असा नियम आहे. मधल्या सुट्टीत गूळ-शेंगदाणे. आणि मधली सुट्टी झाली की कुणी काम करायचं नाही, सरांनीसुद्धा. असं तिनंच ठरवलंय."

"आणि गिरणी?"

"शाळा सुटली की गिरणी. मग मी पुस्तकावर दोन्हीकडून वजनं ठेवून खाली येतो, ती वर एकटीच वाचत बसते. पान उलटायचं असलं की दोरी ओढते. खाली माझ्या कानाशी बैलाच्या गळ्यातली घंटा बांधलीये, ती वाजली की मी वर जातो, पान उलटतो, परत खाली." त्यांचा आवाज उतरला. "पण हल्ली ओढतच नाही. आधी सारखी वाजायची घंटा. दळण टाकून पळायला लागायचं, बायका कावायच्या. आता दिवसात एकदा वाजली तर वाजली. पोरीचं मन उडालंय अभ्यासातून. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्यात, चौथीची परीक्षा घरी येऊन घेऊ, पण पुस्तकं पुरी व्हायला हवीत. संक्रांतीला विचारायला येणारेत. मी म्हणतो, मन नसेल तर कशाला छळायचं? नाही म्हणून सांगावं, घरशाळा बंद करावी."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"एकदा बघतो म्हटलं. पुस्तक आपोआप उघडं राहिलं तर वाचेल कदाचित."

मी पुस्तक ओढून घेतलं. "ठेवून जा. आणि खळीला पीठ लागेल ते तुमच्याच गिरणीतलं द्या. नाहीतरी निम्मं इथंच सांडलंय."

तो पाटा मी उसवला. एकेका पुस्तकाचे पातळ पातळ भाग केले, एका भागात चार धडे, जास्त नाही. मांडीवर उघडलं की सपाट पडावं आणि तसंच राहावं, अशी सैल शिवण घातली. वर मऊ पुठ्ठा. मग नेहमीसारखं सगळं कटिंग मशीनखाली घातलं. कडा अशा आल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. फरांद्यांना निरोप न देता मी स्वतःच गठ्ठा घेऊन निघाले. मला त्या पोरीचं तोंड बघायचं होतं.

थंडीचे दिवस. कृष्णेवरून धुकं उठून आळीत शिरलेलं, त्यात गिरणीचं पीठ मिसळलेलं. कुठं धुकं संपतं आणि कुठं पीठ सुरू होतं ते कळत नव्हतं. बायका डबे घेऊन उभ्या होत्या आणि गिरणीच्या आवाजानं त्यांच्या बांगड्यासुद्धा हलक्या हलक्या वाजत होत्या. फरांदे मला जिना दाखवून परत दळणाशी गेले.

वरची खोली सगळी थरथरत होती. जमीन, भिंतीवरचं वेळापत्रक, तांब्यातलं पाणी, सगळं एका लयीत. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आलेली आणि तिच्यात पीठ तरंगत होतं. त्या तिरिपेत लोडाला टेकून एक सडपातळ मुलगी बसली होती. डोळे उघडे, पण ती तिथं नव्हतीच.

"तू वैजयंती ना?"

ती हळूच परत आली. "तुम्ही नलूमावशी. बाबा म्हणाले, तुम्ही खूप रागावता."

"रागावते तर. हे बघ काय आणलंय."

मी भूगोलाचा एक भाग तिच्या मांडीवर उघडून ठेवला. सपाट पडला, राहिला. मी मनात म्हटलं, वा! वैजूनं डावा हात सरकवत पानाच्या कडेला नेला. बोट कडेवरून घसरलं. परत नेलं, परत घसरलं. तिसऱ्यांदा सगळी पानं एकदम उठली आणि सटकून पुन्हा खाली बसली. माझ्या गुळगुळीत कडेनं त्या बोटाला कुठं थाराच दिला नाही.

"छान आहे," ती म्हणाली. माझी समजूत घालत होती ती, एवढीशी पोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुस्तक नदीच्या धड्यावर उघडं होतं. नदीचं चित्र डाव्या पानावर डोंगरात सुरू व्हायचं आणि उजव्या पानाच्या कडेला तुटायचं.

"ही नदी पुढं कुठं जाते, मला माहितीये," वैजू म्हणाली.

"वाचलंस वाटतं पुढं?"

"नाही. ठरवलंय. सांगू?"

"सांग बाई."

"पानाच्या पलीकडं एक गाव आहे. तिथं नदी दारातूनच जाते. कपडे धुवायला उठायला लागत नाही, खिडकीतून खाली सोडायचे. दुपारी सगळे झोपतात, मग नदीपण हळू जाते. आणि तिथली गिरणी पाण्यात आहे. पाणीच दळतं. त्यामुळं पीठ उडत नाही, खाली बसतं."

"शहाणी आहेस. आणि दळणवाला काय करतो?"

"गाणी म्हणतो. त्याला म्हणता येतात." तिनं दाराकडे पाहिलं. "तिथं जिना नाहीये."

खालून गिरणीची लय येत होती, मला डुलकी लागल्यासारखं झालं होतं. ती बोलत राहिली आणि मी त्या गावात खरंच थोडी जाऊन आले. पण माझा स्वभाव मला फार वेळ तिकडं राहू देतो होय! माझं लक्ष परत त्या हरामखोर कडेकडे गेलं. हे पुस्तक इथं ठेवून उपयोग नाही, फरांद्यांना सांगून परत न्यावं. भिंतीवरून एक सुतळी खाली येऊन वैजूच्या हाताशी लोंबत होती. मी उठून ती ओढली.

"नको! मावशी, नको ना!"

ती इतकी जोरात ओरडली की मी दचकले. पण खाली घंटा वाजून गेली होती. गिरणीचा आवाज उतरत उतरत बंद पडला, खोलीची थरथर थांबली. जिन्यावर पावलं. धाव घेतल्यासारखी सुरू झाली, मग सावकाश, मग आणखी सावकाश.

फरांदे उंबऱ्यावर आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. हसत होते, पण बोलत नव्हते. बोलता येतच नव्हतं त्यांना. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. गिरणीच्या गोंगाटात कुणाला ऐकू येत नसेल. त्या शांततेत मात्र ती खोलीभर भरली. मी वैजूकडे पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि डोळे घट्ट मिटले होते. बापाचा श्वास जागेवर येईपर्यंत ती तशीच राहिली.

तेवढ्यात माझ्या टाळक्यात उजेड पडला. मन उडालंय म्हणे! या पोरीचं मन कुठं उडालेलं नव्हतं. घंटा वाजली की बाप जिना चढतो, आणि जिना चढला की त्याची छाती अशी वाजते. म्हणून ती दोरीला हात लावत नव्हती. दिवस दिवस त्याच दोन पानांवर बसून पुढचं सगळं मनानं रचत होती.

"काय... झालं... ताई?" फरांद्यांना शेवटी शब्द सापडले.

वैजूनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. सांगू नका, एवढंच त्यात होतं.

"काही नाही हो," मी म्हटलं. "पुस्तकं जरा परत नेते. शिवणीत खोट राहिलीये."

ते खाली गेले. मी गठ्ठा बांधायला घेतला तेव्हा लोडामागं एक जुनी अंकलिपी दिसली. पार लक्तरं झालेली, कोपरे मुडपलेले, पानं एक आत तर एक बाहेर.

"ही कशाला ठेवलीयेस?"

"ती मला उलटता येते."

"येते? दाखव बघू."

तिनं तळहाताची कड त्या फाटक्या पानांवर टेकवली आणि सरकवली. एक पान उठलं, उलटलं. पुन्हा सरकवली, दुसरं उलटलं. एकेक पान, अगदी मुकाट्यानं.

"आणि माझी का उलटत नाहीत गं?"

"तुमची नवीन आहेत ना. हिला सवय झालीये."

दुकानात येऊन मी त्या पुस्तकांसमोर बसले आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. कापलेलं परत जोडता येत नाही. पण शिवलेलं उसवता येतं. मी माझीच शिवण उसवली. प्रत्येक ताव मधोमध दुमडायचा हे मला वडिलांनी हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. आता तोच ताव मी मुद्दाम जरासा सरकवून दुमडला, म्हणजे त्याचं एक पान लांब आणि एक आखूड. पुढचा ताव उलटीकडे सरकवला. असं करत सगळी पानं एक आत, एक बाहेर झाली. मग खालचे कोपरे अंगठ्यानं एकेक करून वर वळवले. आणि कटिंग मशीनवर पोतं टाकून ठेवलं, नाहीतर हाताला सवय, गेला असता तिकडं.

माझ्या आयुष्यात इतकं गबाळं काम मी केलं नव्हतं. छापखान्यातले जोशी डोकावून गेले, म्हणाले, "नलूताई, बरं नाही का?"

"मला बरं आहे," मी म्हटलं. "तुम्ही आपलं बघा."

भोगीच्या दिवशी मी पुन्हा त्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई यायच्या होत्या आणि फरांद्यांनी नाही म्हणायचं ठरवूनच टाकलं होतं. खाली तसं त्यांनी मला सांगितलंसुद्धा. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबा. तोंड उघडू नका." ते हसले. गिरणी सुरू झाली, खोली थरथरायला लागली, तिरिपेत पीठ तरंगायला लागलं.

भूगोल तिच्या मांडीवर नदीच्या धड्यावर उघडून ठेवला. मी हात मागं बांधून बसले, कारण ते आपोआप पुढं जात होते. वैजूनं तळहाताची कड पानावर टेकवली. कड सरकली. कोपरा उठला, थोडा थांबला, आणि पान उलटून पलीकडे पडलं.

आम्ही दोघी त्या पानाकडे बघत राहिलो. इतके दिवस जिथं ते दारातून नदी जाणारं गाव होतं, तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'स्वाध्याय. रिकाम्या जागा भरा.'

"शी!" वैजू म्हणाली. "माझंच बरं होतं की!"

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचंच होतं का, ते नका विचारू. तीही हसत होती, आणि हसता हसता तिनं पुढचं पान उलटलं. मग पुढचं. त्या दुपारी ती किती वाचत गेली याचा मी हिशोब ठेवला नाही. भूगोलाचा भाग संपला, मी मराठीचा ठेवला. कधी हात घसरायचा, दोन पानं एकदम जायची, ती जीभ बाहेर काढून एक परत आणायची. मी भिंतीला टेकले. खालची लय, वरचं ऊन, आणि मधूनमधून पान पडल्याचा हलका आवाज. त्या पाणगिरणीच्या गावातच बसल्यासारखं वाटत होतं मला.

मग आवाज थांबला म्हणून मी डोळे उघडले. वैजूनं पुस्तक सोडून हात भिंतीकडे सरकवला होता आणि मनगटाला सुतळीचा विळखा घेत होती.

"अगं, काय करतेस? ते चढून येतील ना!"

"येऊ देत," ती म्हणाली, आणि हात खाली टाकून दोरी ओढली.

गिरणी बंद पडली. पावलं आली, धावत, मग सावकाश. फरांदे उंबऱ्यावर उभे राहिले, छाती शिट्टी वाजवत होती, चेहऱ्यावर तेच हसू. बोलता येत नव्हतं तरी ते सवयीनं पुढं झाले, वाकले आणि पान उलटायला हात पुढं केला.

वैजूनं आपला डावा हात पानावर ठेवला.

"सर, पान नको."

त्यांचा हात तसाच राहिला.

"मधली सुट्टी झालीये. बसा."

ते बसले नाहीत. माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत होते. मग वैजूनं त्यांच्यासमोर तळहाताची कड सरकवली आणि एक पान उलटलं. मग आणखी एक, न घसरता.

"हे..." त्यांनी श्वास घेतला. "हे एवढं सगळं... तूच?"

"मीच. बसा ना. सरांनीपण काम करायचं नाही, नियम आहे."

तेव्हा तो पांढराशुभ्र माणूस भिंतीला टेकून खाली बसला. पोरीकडे बघत राहिला. खालून कुणा बाईनं हाक मारली, "अवो फरांदे, माझं दळण!" त्यांनी उठायला हात टेकला, तर वैजूनं नुसतं "सर!" म्हटलं. ते परत टेकले. हळूहळू त्यांच्या छातीतली शिट्टी बारीक झाली आणि मग थांबली. मग कुठं त्यांना कळलं. मला दिसलं ते त्यांच्या तोंडावर. घंटा का वाजत नव्हती आणि आज का वाजली, दोन्ही एकदमच कळलं असावं. त्यांनी टोपी काढली आणि तिच्यात तोंड लपवलं.

मी उठले, जिन्यातून खाली वाकून ओरडले, "कोण गं ती? थांब की जरा! दळण कुठं पळून चाललंय?"

संक्रांतीला मोठ्या बाई आल्या. फरांद्यांनी त्यांना तिळगूळ दिला आणि परीक्षेची तारीख विचारली. वैजू चौथी पास झाली, पुढच्याही इयत्ता झाल्या, आणि दर जूनमध्ये मी माझ्या कटिंग मशीनवर पोतं टाकून तिची पुस्तकं गबाळी करत गेले.

या सगळ्याला आता खूप वर्षं झाली. माझं दुकान मी बंद केलं. फरांद्यांच्या छातीनं त्यांना पुष्कळ साथ दिली, पण शेवटी ते गेले, आणि गिरणी त्यांचा पुतण्या चालवतो. वरच्या खोलीत आता आळीतली दहा-बारा पोरं वैजूकडे शिकायला बसतात, आणि तिला ताई म्हणू नका, बाई म्हणा असा नियम आहे.

परवा मी दळण घेऊन गेले होते. माझ्यापुढे एक नवी सून उभी होती, नुकतीच आळीत आलेली. दुपार टळत आली, वरून दोरी ओढली गेली, खाली घंटा वाजली, आणि पुतण्यानं गिरणीचा पट्टा उतरवला. गिरणी थांबली. तो पोत्यावर जाऊन बसला, डोळे मिटून.

"अगंबाई, लाईट गेली का?" ती सून म्हणाली. "माझा डबा अर्धाच झालाय हो!"

"लाईट आहे," मी म्हटलं. "खाली ठेव डबा आणि बस माझ्याजवळ. मधली सुट्टी झालीये."